वाह पेडल कुणाचं? ट्रंपेट, कॅलिफोर्निया आणि परभणीचा बेंजो

मागच्या महिन्यात सेलूहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. गिटार शिकतोय, घरी छोटा अ‍ॅम्प आहे, आणि युट्यूब बघून बघून वाह पेडलचं वेड लागलंय. प्रश्न साधाच होता, "दादा, वाह पेडल घ्यायचंय, कोणतं घेऊ?" पण मेसेजच्या शेवटी हळूच आणखी एक वाक्य होतं. "पप्पा म्हणतात, आपल्या परभणीत ह्याचं काम काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. दुसऱ्याला अख्खा एपिसोड लागतो. नवं वाह पेडल म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या मेसचे पैसे. एवढे पैसे घालायचे तर पप्पांचा प्रश्न काही चुकीचा नाही. म्हणून आज आधी इतिहास सांगतो आणि मग खरेदी. घाई असेल त्यांनी खाली थेट शेवटच्या भागावर जावं, पण मधलं वाचलंत तर निवड सोपी जाईल, हे माझं म्हणणं.

तोंडानं करून बघा

आता एक काम करा. कुणी बघत नसेल तर हळूहळू "ऊ" म्हणा आणि सूर तसाच धरून तोंड उघडत "आ" वर या. ऊ... आ. झालं की "वा"!

गळ्यातला सूर बदलला का? नाही. बदललं ते फक्त तोंडाच्या आतल्या पोकळीचं माप. आपल्या आवाजात एका वेळी कितीतरी फ्रिक्वेन्सी असतात. तोंडाची पोकळी त्यातल्या काहींना उचलून पुढं करते, बाकीच्यांना मागं ठेवते. ओठ गोल आणि लहान केले की खालच्या फ्रिक्वेन्सी पुढं येतात, तो "ऊ". तोंड उघडलं की तो उंचवटा वर सरकतो, तो "आ". म्हणजे स्वर काय, तर फिल्टर. आपण दिवसभर बोलताना हे फिल्टर फिरवत असतो, फक्त त्याला इंजिनिअरिंग म्हणत नाही.

मोरचंग ऐकलाय? राजस्थानी लोकसंगीतात असतो, दातांपाशी धरून वाजवतात. त्याची लोखंडी जीभ एकच सूर देते, पण वादक तोंडाचा आकार बदलतो आणि त्या एका सुरातून "वाँव वाँव" असं बोलणं निघतं. वाह पेडल नेमकं हेच करतं. गिटारच्या आवाजातला एक छोटा पट्टा उचलून धरतं आणि तुम्ही पाय पुढं-मागं केला की तो पट्टा साधारण ४०० हर्ट्झपासून २००० हर्ट्झपर्यंत वर-खाली सरकतो. टाच दाबली की "ऊ", पंजा दाबला की "आ". गिटारला तोंड मिळतं, एवढंच.

नावाचीही गंमत बघा. इंग्रजीत हा नुसता ध्वनी आहे, अर्थ काही नाही. आपल्याकडे तीच दाद आहे. परभणीच्या उरुसात कव्वाली ऐकताना जो शब्द आपसूक तोंडातून निघतो, तोच ह्या पेडलचं नाव.

आधी होता ट्रंपेट

हा आवाज गिटारवाल्यांनी शोधलेला नाही. तो आला पितळी वाद्यांकडून. अमेरिकेतल्या जॅझ बँडमधले ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनवाले वाद्याच्या तोंडाशी काहीतरी धरून आवाज दाबायचे-सोडायचे. ह्या आवाज दाबायच्या वस्तूला म्यूट म्हणतात. त्यातला एक म्यूट तर काय होता, तर बेसिन तुंबलं की पाइप मोकळा करायला वापरतात तो रबरी कप! हातानं तो कप झाकायचा-उघडायचा की ट्रंपेट "वा-वा" करत बोलू लागायचा. क्लाइड मॅकॉय नावाच्या ट्रंपेटवाल्यानं १९३१ मध्ये 'शुगर ब्लूज' म्यूटच्या अशाच "वा-वा" आवाजात रेकॉर्ड केलं आणि त्याचं नाव झालं. हे नाव लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

जॅझ काही अमेरिकेत थांबलं नाही. मुंबईच्या हॉटेलांमधून जॅझ बँड वाजायचे आणि त्यातले कितीतरी वादक गोव्याचे होते. त्यातलं मोठं नाव म्हणजे चिक चॉकलेट. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे. ट्रंपेट असा वाजवायचे की लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड होता.

आणि इथे मराठी माणूस येतो. पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. त्यांनी चिक चॉकलेट यांना सिनेमाच्या स्टुडिओत आणलं. १९५१ चा भगवानदादांचा 'अलबेला' काढून बघा. त्यात हा बँड नुसता ऐकू येत नाही, पडद्यावरही दिसतो. जॅझची ही सगळी चाल आपल्या आजोबांच्या पिढीनं टुरिंग टॉकीजमध्ये, तंबूत बसून ऐकली. त्यांना जॅझ हा शब्द माहीत असायची काही गरज नव्हती. "परदेशी आवाजाचं इथं काम काय" हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता, फक्त कुणी तशी नोंद केली नाही.

खर्च वाचवायला गेले आणि...

आता १९६६, कॅलिफोर्निया. थॉमस ऑर्गन कंपनी. नावाप्रमाणे ऑर्गन बनवणारी. त्याच वेळी ही कंपनी इंग्लंडच्या व्हॉक्स ब्रँडचे अ‍ॅम्प अमेरिकेत बनवून विकायची. बीटल्स व्हॉक्स वापरायचे, त्यामुळे माल तडाखेबंद खपत होता.

त्या अ‍ॅम्पवर एक बटण होतं, मधल्या फ्रिक्वेन्सी उचलायचं. तीन घरं असलेला फिरवायचा स्विच. हा स्विच महाग पडायचा. मग वरिष्ठांनी ब्रॅड प्लंकेट नावाच्या इंजिनिअरला सांगितलं, हा काढ आणि त्याच्या जागी साधा पॉट बसव. पॉट म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तो कंट्रोल. काम काय होतं, तर पैसे वाचवणं. आमच्या आयटीच्या भाषेत कॉस्ट कटिंगचं तिकीट.

प्लंकेटनी सर्किट बदललं, आणि आता तीन घरांमध्ये उड्या मारण्याऐवजी तो उंचवटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग सरकू लागला. कुणीतरी वाजवत असताना पॉट फिरवला, आणि खोलीत "वाऽऽ" असा आवाज घुमला. पण वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले. मग बटण फिरवणार कोण?

पाय! कंपनी ऑर्गनची होती. व्हॉक्सच्या ऑर्गनला आवाज कमी-जास्त करायचं पायातलं पेडल असायचं. ते उचललं, त्यात हे सर्किट बसवलं आणि झालं वाह पेडल. आपल्याकडच्या संगीत नाटकातला पायानं भाता मारायचा ऑर्गन आठवा. हात सुरावर, पाय हवेवर. पायाला संगीतात काम देणं ही ऑर्गनवाल्यांची जुनी खोड. गिटारच्या कारखान्यात हा शोध लागला असता की नाही, मला शंका आहे.

सर्किट आतून काय आहे, ते एका परिच्छेदात सांगतो, बीटेक झाल्याचा तेवढा तरी उपयोग. दोन ट्रान्झिस्टर, एक कॉइल, काही कंडेन्सर आणि रेझिस्टर, एक पॉट. कॉइल ५०० मिलिहेन्रीची, तिच्यासोबतचा कंडेन्सर ०.०१ मायक्रोफॅरडचा. अकरावी-बारावीचं सूत्र लावा, ही जोडी सुमारे २२५० हर्ट्झला घुमते. म्हणजे "आ"ची बाजू. मग "ऊ" कुठून येतो? पॉट फिरवला की दुसरा ट्रान्झिस्टर अशी काही करामत करतो की तोच छोटा कंडेन्सर सर्किटला कितीतरी पट मोठा भासतो, आणि घुमण्याची जागा खाली येते. पार्ट तोच, फक्त त्याचं वजन बदलतं. हुशारी इथे आहे, बाकी सगळं मोंढ्याजवळच्या रेडिओ रिपेअरवाल्याला कळेल असंच.

पेटंटचा अर्ज २४ फेब्रुवारी १९६७ ला गेला आणि २२ सप्टेंबर १९७० ला मंजूर झाला. अमेरिकन पेटंट क्रमांक ३५३०२२४, नावं ब्रॅडली प्लंकेट आणि लेस्टर कुशनर. आजही ऑनलाइन उघडून बघता येतं, सर्किटच्या आकृतीसकट. पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी मोबाइल आडवा धरून बराच वेळ ती आकृती बघत बसलो होतो.

कंपनीला वाटलं ट्रंपेटवाले घेतील

आता खरी मजा. वस्तू तर बनली, पण विकायची कुणाला? कंपनीच्या वरच्या लोकांच्या डोक्यात "वा-वा" म्हणजे ट्रंपेट. त्यांनी विचार केला, ट्रंपेटला मायक्रोफोन किंवा पिकअप लावायचा आणि हे पेडल जोडायचं, रबरी कपाची गरजच संपली! म्हणून पेडलला नाव दिलं कुणाचं? क्लाइड मॅकॉय! सुरुवातीच्या पेडलखाली त्या ट्रंपेटवाल्याचं नाव असायचं. गिटारचं पेडल, पण नाव ट्रंपेटवाल्याचं.

कंपनीच्या स्वतःच्या वाद्यवृंदात डेल कॅशर नावाचा गिटारवाला होता. तो सांगतो त्याप्रमाणे, हे गिटारसाठीच आहे, म्हणून तो वरच्यांच्या मागं लागला होता. १९६७ मध्ये पेडल बाजारात आलं आणि ट्रंपेटवाल्यांनी त्याच्याकडं फारसं बघितलंही नाही. त्यांच्याकडे रबरी कप होता की, चार आण्याचा.

उचललं ते गिटारवाल्यांनी. त्याच वर्षी क्रीम बँडच्या 'टेल्स ऑफ ब्रेव्ह युलिसिस' मध्ये एरिक क्लॅप्टननं ते वापरलं. जिमी हेंड्रिक्सनं १९६८ च्या 'वूडू चाइल्ड (स्लाइट रिटर्न)' मध्ये सुरुवातीलाच असं काही वाजवलं की अजून गिटारच्या दुकानात प्रत्येक नवा पोरगा पेडलवर पाय ठेवून तेच करून बघतो. आणि १९७१ मध्ये आयझॅक हेजचं 'शाफ्ट' चं शीर्षकगीत आलं. त्यात चार्ल्स पिट्सनं तारा हातानं दाबून नुसता "चका-चका" ताल धरला आणि पेडल तालात हलवलं. इथे सूरही नाही, गिटारचं तालवाद्य झालं! त्या गाण्याला ऑस्कर मिळालं.

म्हणजे बघा, इंजिनिअरला पैसे वाचवायचे होते, कंपनीला ट्रंपेटवाले हवे होते, आणि पेडलचं खरं काम ठरवलं तिसऱ्याच लोकांनी. क्लॅप्टननं ते गाण्यामागं बोलतं ठेवलं, हेंड्रिक्सनं ओरडायला लावलं, पिट्सनं ढोलकीसारखं वाजवलं. एकच डबा, तीन कामं, आणि एकही कंपनीच्या कागदावर नव्हतं. ज्याच्या नावानं विकलं तो मॅकॉय बाजूलाच राहिला.

आणखी एक योगायोग. मुंबईचे चिक चॉकलेट गेले ते १९६७ सालीच. हाताच्या म्यूटचा एक मोठा वादक गेला आणि पायाचा म्यूट बाजारात आला, एकाच वर्षी. योगायोगाला अर्थ नसतो, पण तारखा बघून थबकायला होतं.

मुंबईत कसं पोचलं

आपल्याकडे त्या काळात परदेशी वस्तू आणणं म्हणजे लायसन, परमिट, कस्टम ड्यूटी. दुकानात जाऊन "एक वाह पेडल द्या" म्हणायची सोयच नव्हती. माल यायचा तो परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून, बोटीवर काम करणाऱ्यांकडून, नाहीतर देश सोडून जाणाऱ्या कुणाचा तरी सेकंडहँड. तरीही सत्तरच्या सुमाराला मुंबईत, कोलकात्यात, मद्रासमध्ये पोरं इलेक्ट्रिक गिटार घेऊन बँड करत होती. सिमला सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' ही बँडची स्पर्धा व्हायची, १९७० आणि १९७१ च्या तिच्या रेकॉर्डही निघाल्या. आज त्या युट्यूबवर सापडतात. ऐका, म्हणजे कळेल की इथली पोरं जगाच्या फार मागं नव्हती.

त्या मुंबईच्या रॉकमध्ये एक मराठी घर ठळक दिसतं. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे, मराठी रंगभूमीवरची मोठी माणसं. त्यांचा मुलगा नंदू भेंडे इंग्रजी रॉक गायचा. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' च्या मुंबईतल्या प्रयोगात तो जूडास होता. आणि १९७८ मध्ये पुलंनी लिहिलेलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं 'तीन पैशाचा तमाशा' आलं, त्यातही तोच. एकीकडे रॉक, एकीकडे तमाशाचा बाज, एकच गळा. पिढ्यान् पिढ्या वेगळे मानलेले दोन आवाज एका माणसात सुखानं नांदत होते.

सिनेमात तर हे सगळं केव्हाच शिरलं होतं. आर. डी. बर्मन, कल्याणजी-आनंदजी ह्यांच्या स्टुडिओत गिटार, बोंगो, ट्रंपेट, सगळं एका खोलीत. १९७८ च्या 'डॉन' चं संगीत हेडफोन लावून ऐका. अमेरिकेच्या फंकमधली चाल हिंदी मारामारीत कशी चपखल बसली ते कळेल. पुढे २००५ मध्ये अमेरिकेच्या ब्लॅक आइड पीजनी ह्याच 'डॉन' मधल्या 'ये मेरा दिल' चा तुकडा आपल्या गाण्यात घेतला. आवाज तिकडून इकडे आला, आणि इकडून परत तिकडे गेला. मूळ मालक कोण, हे आता कुणी ठरवायचं?

आणि आता आपला बेंजो

हे सगळं मुंबईचं झालं, असं पप्पा म्हणतील. ठीक आहे, परभणीत या.

लग्नाची वरात, गणपती विसर्जन, चौदा एप्रिलची भीमजयंतीची मिरवणूक. जिंतूर असो, पूर्णा असो, गंगाखेड असो, समोर टेम्पो, त्यावर स्पीकर, जनरेटरची घरघर, आणि मधोमध कोण? बेंजो. नाव बेंजो असलं तरी अमेरिकेतल्या गोल ढोलकं लावलेल्या बँजोशी त्याचा काही संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, त्यावर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. ह्याचं दुसरं नाव बुलबुल तरंग.

हे वाद्य आलं कुठून? जपानमधून! नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये हे बनवलं. त्या वर्षी जपानात ताइशो सम्राटाचा काळ सुरू झाला म्हणून नाव ताइशोगोतो. कल्पना अशी की ज्याला संगीत येत नाही, त्यानंही टाइपरायटरसारखी बटणं दाबून घरी बसून सोपी गाणी वाजवावीत. घरातल्या चटईवर बसून, हळू आवाजात वाजवायचं खेळकर वाद्य.

आणि आपल्या लोकांनी काय केलं? त्याला पिकअप बसवला. इलेक्ट्रिक गिटारला असतो तोच प्रकार, चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी. लोखंडी तार हलली की गुंडाळीत करंट तयार होतो. मग अ‍ॅम्प, मग भोंगा, आणि हळू आवाजाचं जपानी वाद्य मराठवाड्याच्या रस्त्यावर हजार माणसांना नाचवायला लागलं. मोरितांच्या कल्पनेत वरात नव्हती, हे मी पैजेवर सांगतो. भीमगीतं तर नव्हतीच.

आता तुम्ही जरा निरखून बघा. आजकालचे कितीतरी बेंजोवाले वाद्य थेट अ‍ॅम्पला लावत नाहीत. मध्ये एक छोटा डबा असतो, त्यावर बटणं आणि लाल आकडे चमकतात. तो गिटारचा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर. डिस्टॉर्शन, डिले, एको, सगळं त्यात. आणि बहुतेक अशा डब्यांत एक इफेक्ट हमखास असतो. कोणता? वाह!

म्हणजे १९१२ चं जपानी घरगुती वाद्य आणि १९६६ चं कॅलिफोर्नियातलं खर्च वाचवायचं सर्किट, दोन्ही एका टेम्पोवर येऊ शकतात. हे संगीताच्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ज्यांना रात्रभर वाजवून घर चालवायचं आहे, त्यांनी ते स्वतः शोधून काढलं. आणि तरी आपण "बेंजो पार्टी" हा शब्द जरा खालच्या पट्टीतच उच्चारतो. हेंड्रिक्सनं तारेचा आवाज फाडला तर कलाकार, आणि आपल्या गल्लीतल्या वादकानं फाडला तर नुसता गोंगाट. हा फरक आवाजातला नाही, आपल्या नजरेतला आहे.

तर पप्पांना माझं उत्तर असं. वस्तू कुणासाठी बनवली ह्यावरून ती कुणाची हे ठरत नाही. जो तिच्याकडून काम करून घेतो, त्याची ती होते. परभणीला हे नव्यानं शिकायचं नाही, परभणी हे वरातीत रोज करते.

मग आता घ्यायचं कोणतं?

इतिहास माहीत असला की दुकानातली अर्धी बडबड आपोआप गळून पडते. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा, काम ठरवा. तुम्हाला क्लॅप्टनसारखं हळू बोलणारं हवंय, हेंड्रिक्ससारखं ओरडणारं, की 'शाफ्ट' सारखं चका-चका? हळू बोलण्यासाठी पेडलचा फेरा मऊ हवा, मध्येच उडी मारणारा नको. चका-चकासाठी पाय लवकर थकू नये अशी हलकी चाल हवी. हे ठरवल्याशिवाय ब्रँडवर बोलणं म्हणजे पेरणी न ठरवता बियाणं विकत घेणं.

दुसरा मुद्दा, नावाला भुलू नका. 'क्राय बेबी' हे नाव थॉमस ऑर्गननं सुरू केलं, पण त्याची नोंदणी नीट केली नाही, म्हणून पुढं भरपूर लोकांनी ते लावलं. एक काळ असा होता की व्हॉक्सचं आणि क्राय बेबीचं पेडल इटलीतल्या एकाच जेन नावाच्या कारखान्यात बनायचं. १९८० च्या दशकात ते नाव डनलॉपकडे गेलं. आज नवशिक्यासमोर सहसा दोन नावं येतात, डनलॉपचं क्राय बेबी जीसीबी-९५ आणि व्हॉक्सचं व्ही-८४७. दोन्ही एकाच सर्किटची नातवंडं. माझ्या कानाला डनलॉप जास्त धारदार, व्हॉक्स थोडं मऊ वाटतं. तुमच्या कानाला उलटंही वाटू शकेल, आणि तेच तुमच्यासाठी खरं.

तिसरा, कॉइलची दंतकथा. 'हॅलो' कॉइल, 'फासेल' कॉइल अशी नावं ऐकाल आणि त्यासाठी जास्त पैसे मागतील. कॉइलनं आवाजात फरक पडतो, खोटं नाही. पण पहिल्या पेडलला त्यापेक्षा मोठा फरक पाडतो पॉट, म्हणजे पाय किती हलवल्यावर आवाज किती सरकतो ते. पहिल्या दोन वर्षांत कॉइलसाठी वेगळे पैसे मोजू नका.

चौथा मुद्दा आपल्या जिल्ह्याचा, धूळ. उन्हाळ्यात परभणीत काय होतं ते सांगायला नको. पॉटमध्ये धूळ गेली की पेडल हलवताना "खर्र खर्र" येतं. पॉट साफ करायचा स्प्रे मिळतो, वर्षाला एकदा मारा. किंवा मॉर्लेसारखं प्रकाशावर चालणारं पेडल बघा. त्यात पायाबरोबर उजेड कमी-जास्त होतो, घासणारा भागच नाही, म्हणून खरखर नाही.

पाचवा, लाइट. जुन्या पद्धतीचं वाह पेडल ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर मजेत चालतं, करंट फार कमी घेतं, मिलिअँपच्या आसपास. म्हणजे लाइट गेली तरी अडत नाही, अ‍ॅम्प बॅटरीवरचा असला म्हणजे झालं. एकच पथ्य, वाजवून झालं की गिटारची केबल पेडलमधून काढायची. ती आत असेपर्यंत पेडल चालूच असतं आणि बॅटरी गुपचूप संपते. अ‍ॅडॅप्टर घेतलात तर प्लगवरचं अधिक-उणे आधी तपासा. गिटार पेडलमध्ये बहुतेक वेळा मधली पिन उणे असते.

सहावा, बायपास. जुन्या डिझाइनमध्ये पेडल बंद केलं तरी गिटारचा आवाज सर्किटला चिकटलेला राहायचा आणि ट्रेबल थोडा मरायचा. म्हणून 'ट्रू बायपास' हा शब्द जाहिरातीत ठळक असतो. घरी एकच पेडल आणि छोटी केबल असेल तर ह्यासाठी झोप घालवू नका.

सातवा, जागा. गिटार, मग वाह, मग डिस्टॉर्शन, मग अ‍ॅम्प, ह्या क्रमात आवाज बोलका येतो. वाह डिस्टॉर्शनच्या नंतर लावलं तर तोच फेरा जास्त रुंद आणि भडक होतो. दोन्ही करून बघा, केबल बदलायला पैसे लागत नाहीत.

आठवा, पायच नको असेल तर ऑटो-वाह. तार जोरात छेडली की फिल्टर आपोआप उघडतो. १९७० च्या दशकातलं म्यूट्रॉन हे त्यातलं गाजलेलं यंत्र, स्टीव्ही वंडरनं १९७३ च्या 'हायर ग्राउंड' मध्ये कीबोर्डला लावलं होतं. बेंजोवाल्यांनी ह्याचा जरूर विचार करावा. टेम्पो हलत असताना एका पायावर तोल सांभाळणं अवघड काम आहे.

आणि शेवटचा मुद्दा, विकत घ्यायच्या आधी फुकट ऐका. वाह म्हणजे सरकता फिल्टर, आणि फिल्टर लॅपटॉपवर चार ओळींच्या कोडमध्ये बसतो. त्यामुळे फुकट मिळणाऱ्या प्लगइनवर, नाहीतर मित्राच्या मल्टी-इफेक्टवर, महिनाभर वाह वाजवा. एक महिन्यानंतरही पाय आपोआप हलत असेल तरच पैसे काढा. मल्टी-इफेक्ट घ्यायचाच असेल तर पायाचं पेडल जोडलेला घ्या, एका पैशात दहा आवाज मिळतात. खरं वेगळं पेडल नंतरही येतं. सेकंडहँड घेणार असाल तर तीनच गोष्टी बघा: टाचेपासून पंजापर्यंत खरखर येते का, पुढं दाबल्यावर स्विच दर वेळी लागतो का, आणि पेडल आहे त्या जागी थांबतं की आपोआप पडतं. मॉर्लेसारख्या स्प्रिंगच्या पेडलला हा तिसरा नियम लागू नाही, ते मुद्दामच परत येतं.

सेलूच्या दोस्ता, तुला एक गृहपाठ. पेडल यायच्या आधी आपल्या भागातल्या एखाद्या बेंजोवाल्या काकांना भेट. सुट्टीच्या दिवशी, मोसमात नको, मोसमात त्यांना जेवायलाही वेळ नसतो. त्यांच्या डब्यात वाह आहे का विचार, आणि असेल तर ते कोणत्या गाण्याला लावतात ते ऐक. जमलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठव, अर्थात त्यांना विचारून. हेंड्रिक्सनं काय केलं हे सगळ्या जगाला माहीत आहे. परभणीत काय होतंय, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पुढच्या भागात मोरितांच्या वाद्यापासून बेंजो पार्टीपर्यंतचा प्रवास सविस्तर. तोवर ऐकत राहा, वाजवत राहा, आणि बॅटरी वाचवायची असेल तर केबल काढून ठेवा.